इस्त्रीचा तास

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईनं मला एका कागदाचा फोटो पाठवला. भाचा यंदा पहिलीला जाणार, त्याच्या शाळेचं सूचनापत्रक होतं. एकूण १७ सूचना. डब्यात चिप्स नकोत, नखं कापलेली हवीत, बुटांना पॉलिश हवं. नवव्या नंबरला लिहिलं होतं, 'गणवेश स्वच्छ व इस्त्री केलेला असावा. अन्यथा विद्यार्थ्यास वर्गाबाहेर उभे केले जाईल.' खाली ताईचा मेसेज : "म्हणजे मी आता साडेपाचऐवजी पाचला उठायचं ना?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुठलं काम कोण करणार हे लिहिलेलं नसेल, तर आमच्याकडे ते काम शेवटी सगळ्यात गप्प बसणाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्यामुळे असं वाक्य दिसलं की मी थांबतो. 'इस्त्री केलेला असावा.' कुणी केलेला? सहा वर्षांच्या पोरानं? हजार वॉटची तापलेली इस्त्री पहिलीतल्या पोराच्या हातात द्या, असं कुठलीच शाळा म्हणणार नाही. मग ही सूचना विद्यार्थ्याला नाहीच. ती घरातल्या कुणाला तरी आहे, आणि ते कुणीतरी कोण, हे शाळेला माहीत आहे, ताईला माहीत आहे, आमच्या दाजींनाही माहीत आहे. दाजी माणूस चांगला. भांडी घासतात, पोराला आंघोळ घालतात. इस्त्री मात्र त्यांना 'जमत नाही'. कॉलर म्हणे नीट बसत नाही.

म्हणून मी ताईला सांगितलं, कॉटनचा शर्ट घेऊच नकोस. इस्त्री लागणारच नाही असा घे. आणि शाळेला लेखी कळव की शर्ट स्वच्छ असेल, इस्त्रीचा नसेल. हे वाचून ताईच्या सोसायटीतल्या दोन आयांनी आणि आमच्या एका काकांनी मला जे ऐकवलं, त्याला हे उत्तर आहे.

काकांचा मुद्दा शिस्तीचा. इस्त्रीच्या कपड्यांनी मुलाला शिस्त लागते म्हणतात. ठीक आहे, शिस्त ज्यानं काम केलं त्याला लागते असं धरू. मग गेली तीस वर्षं शिस्त आमच्या आईलाच लागत असणार, कारण माझ्या दहावीपर्यंत मी एकाही शर्टाला हात लावलेला नाही. मला सकाळी खुर्चीच्या पाठीवर गरम शर्ट मिळायचा. तो घातला की मी शिस्तीचा मुलगा.

मी २००३ साली पहिलीत गेलो, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. शाळेची बरीचशी वर्षं भारनियमनात गेली. वाचणाऱ्यांपैकी जे पुण्या-मुंबईत वाढले त्यांना हा शब्द सांगावा लागेल : रोज ठरलेले तास वीज नाही, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त तास न ठरलेली नाही. वेळापत्रक बदलत राहायचं. आईचं सगळं घर त्या वेळापत्रकावर चालायचं. मिक्सर कधी, पाण्याची मोटर कधी, इस्त्री कधी. बऱ्याचदा लाइट रात्री अकराच्या पुढे यायची. आम्ही झोपलेलो असायचो. जाग आली तर जमिनीवर चौघडी घातलेल्या जुन्या चादरीवर वाकलेली आई दिसायची, शेजारी पाण्याची वाटी, हातानं पाणी शिंपडून ती शर्ट दाबत असायची. लाइट आलीच नाही तर पितळी तांब्यात चुलीतले निखारे घालून त्याच्या बुडानं शर्ट सरळ करायची. पँट गादीखाली घडी करून ठेवायची, त्यावर बाबा झोपायचे. इस्त्रीत बाबांचा वाटा एवढाच. आईच्या डाव्या मनगटावर अजून एक तांबूस पट्टा आहे. तो तांब्याचा की इस्त्रीचा, हे तिलाही आठवत नाही.

सातवीत असताना एकदा रात्रभर पाऊस आणि लाइट नाही. चूल ओली. मी चुरगळलेला, अर्धवट दमट शर्ट घालून शाळेत गेलो. प्रार्थनेनंतर पीटीच्या सरांनी नेहमीसारखी तपासणी केली आणि बिनइस्त्रीच्यांची वेगळी रांग काढली. मी पहिल्यांदाच त्या रांगेत उभा होतो. बाकीचे सातजण मात्र रोजचे होते. इतकी वर्षं मी त्यांना समोरून पाहिलं होतं, आता शेजारून पाहत होतो. दोघं वीटभट्टीवरून यायचे. तिघं वसतिगृहातले, ते स्वतःचे कपडे स्वतःच धुवायचे. एकाच्या घरी वीजच नव्हती. आणि एकाची आई वारली होती. सर त्यालाही रोज विचारायचे, "घरी इस्त्री नाही का रे?" तो रोज "नाही सर" म्हणायचा. मी त्या दिवशी घरी येऊन रडलो, ते त्या मुलासाठी नव्हे. मला त्यांच्यात उभं केलं म्हणून. आणि त्यानंतर आईनं एकही दिवस चुकवला नाही.

हा प्रसंग सांगितला की लोक म्हणतात, तो काळ वेगळा होता, आता लाइट असते. लाइट असते, मान्य. पण रांग कशाची होती ते बघा. गणवेश कशासाठी असतो, तर श्रीमंताचं आणि गरिबाचं पोर एकसारखं दिसावं म्हणून. सगळ्यांना एकच रंग, एकच कापड, एकच बटण. आणि मग आपण त्यावर इस्त्रीची अट टाकतो, म्हणजे कुणाच्या घरी सकाळी मोकळा हात आहे आणि कुणाच्या घरी नाही, हे लांबून दिसावं. कापडानं झाकलेला फरक इस्त्री परत उघडा करते.

आता थोडा हिशोब, कारण मला हिशोबाशिवाय भांडता येत नाही. एक शर्ट, एक हाफपँट. इस्त्री तापण्यापासून गुंडाळून ठेवण्यापर्यंत दहा मिनिटं धरू. वर्षाला २२० दिवस शाळा. म्हणजे २२०० मिनिटं, साडेछत्तीस तासांच्या वर. पहिली ते दहावी ३६६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ४५ दिवसांची पूर्ण नोकरी, बिनपगारी, एका पोरामागे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. ही ९७ मिनिटंसुद्धा जे घरकामाला हात लावतात त्या पुरुषांची. असे पुरुष शंभरात २६ होते. तर ही दहा मिनिटं कुठल्या खात्यात जाणार, यावर कुणी पैज लावू नये.

"मग बाहेर टाका ना इस्त्रीला." टाकू. ताईकडे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नगाला १० रुपये घेतो, आणि उन्हात कोळशाची पाच-सहा किलोची इस्त्री फिरवण्याचे ते जास्त नाहीत. रोजचे २० झाले. सरकारी शाळेतल्या मुलाला समग्र शिक्षा योजनेतून एका गणवेशासाठी ३०० रुपये मिळतात. म्हणजे सरकारनं दिलेल्या गणवेशाला पंधरा दिवस बाहेरून इस्त्री केली, की इस्त्रीचा खर्च गणवेशाएवढा. सोळाव्या दिवसापासून काय करायचं ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

आणि हे सगळं करून मिळतं काय? सुती धाग्यात सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असलेल्या. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात, आणि वाळताना जशा पडल्या असतील तशाच पुन्हा घट्ट होतात. सुरकुती म्हणजे हेच. इस्त्री पाणी आणि उष्णतेनं बंध सोडवते, वजनानं साखळ्या सपाट करते आणि तशाच वाळवते. फक्त तेच पाणी घामातही असतं. पाठीला दप्तर, रिक्षात सात पोरं, मधल्या सुट्टीत पकडापकडी. पहिल्या तासाला पाठ चुरगळते, तिसऱ्या तासाला सगळा शर्ट. आईची दहा मिनिटं शाळेच्या फाटकापासून प्रार्थनेच्या मैदानापर्यंत टिकतात. तपासणीही तिथेच असते म्हणा.

पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. सूत नेहमीच्या हवेत वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. शिवाय गिरणीतच त्याला १८० ते २०० अंशांना तापवून सपाट आकार 'लक्षात' आणून दिलेला असतो. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीनं टेरिलीन डोक्यावर घेतलं. आणि सूतच हवं असेल तर त्यावर राळेची प्रक्रिया करून साखळ्या कायमच्या जोडता येतात. हे काम पुढे नेणाऱ्यांत मोठं नाव एका बाईचं आहे, रूथ बेनेरिटो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या प्रयोगशाळेत त्यांनी १९५० नंतरच्या दशकांत हे संशोधन केलं. ५५ पेटंटं त्यांच्या नावावर. धुवा, वाळवा, घाला. हा प्रश्न माझ्या आईच्या जन्माआधीच बराचसा सुटलेला होता, निरोप फक्त आमच्या गावापर्यंत पोचला नाही.

सोसायटीतल्या आयांचा मुद्दा वेगळा आणि खरा होता : पॉलिस्टरमध्ये पोरं शिजतात. मी नाही म्हणणार नाही. शंभर टक्के पॉलिस्टरचा शर्ट मार्चमधल्या दुपारी पत्र्याच्या वर्गात घालायला लावणं ही शिक्षा आहे, आणि धुताना त्यातून सुटणारे बारीक तंतू नदीत जातात तेही खरं. पण शिजणारं पॉलिस्टर आणि चुरगळणारं कॉटन यांच्यामध्ये बरंच काही आहे. ताईबरोबर मी दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारानं दोन शर्ट टाकले. कॉटनचा ५८० ला, टेरीकॉटचा ४२० ला. रंग एक, खिशावर बिल्ला एक. "मॅडम, हल्ली चांगल्या घरचे कॉटनच नेतात," असंही ऐकवलं. मी दोन्ही शर्टांची बाही मुठीत धरून अर्धा मिनिट आवळली आणि सोडली. कॉटनचा कागदाच्या बोळ्यासारखा झाला. टेरीकॉटवर दोन-चार रेघा उमटल्या आणि बघता बघता विरल्या. आतल्या पट्टीवर ६५-३५ लिहिलं होतं, ६५ पॉलिस्टर. मला ३५ पेक्षा थोडं जास्त सूत आवडलं असतं, पण एवढं चालतं. तुम्ही घ्यायला गेलात तर ही मुठीची चाचणी करा, दुकानदार चिडला तरी. नवा शर्ट आधी एकदा धुवा, विशेषतः 'नो आयर्न' लिहिलेला कॉटन, कारण ती राळ फॉर्मल्डिहाइडवर बनलेली असू शकते. मशिनमध्ये पिळायचं कमी ठेवा, ओला असतानाच दोनदा जोरात झटका, हँगरवर लावा, वरचं बटण लावा, कॉलर हातानं ओढून सरळ करा. एवढं सहा वर्षांचं पोरही करू शकतं. शिस्त लावायची असेल तर ही लावा की.

खरं तर माझं मत याही पुढचं आहे. मुळात विणलेल्या कापडाचा शर्ट कशाला हवा? पीटीच्या दिवशी हीच मुलं होजिअरीचा कॉलरवाला टीशर्ट घालून येतात. त्यात धाग्याचे फास असतात, ते ताणतात आणि परत येतात, म्हणून घडी धरून बसत नाहीत. सूत जास्त ठेवलं तरी चालतं, घामही शोषतो. आठवड्यातला एक दिवस जो कपडा चालतो तो उरलेले पाच दिवस का चालत नाही, याचं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणि हे ठरवणं आपल्या हातात नाही असंही नाही. २०२४-२५ मध्ये राज्यानं 'एक राज्य, एक गणवेश' काढलं आणि ते इतकं फसलं की स्वातंत्र्यदिन आला तरी बऱ्याच मुलांना गणवेश मिळाला नव्हता. वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवून गणवेश परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे कापड निवडण्याच्या खोलीत निम्म्या बायका असतात, ज्या पुढं वर्षभर त्या कापडावर वाकणार आहेत. तिथं रंगावर तासभर चर्चा होते असं मी ऐकतो. 'इस्त्री लागेल का' एवढं कुणी विचारलं तरी पुरे. ताईच्या शाळेसारख्या खासगी शाळांना ही समिती लागू नाही, तिथं पत्रच लिहावं लागतं.

स्वच्छतेचाही मुद्दा येतो. इस्त्री नसली की 'गबाळं' दिसतं. इथं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. शाळेच्या व्हरांड्यात गाडगेबाबांची तसबीर असते, राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव आहे. जन्म परीट घरात, आणि अंगावर आयुष्यभर ठिगळांचा कपडा. नवव्या सूचनेनुसार बाबा वर्गाबाहेर उभे राहतील. त्यांची तसबीर आत आणि ते बाहेर.

यात एक आक्षेप असा आहे ज्याच्यापुढे मी थोडा वेळ गप्प बसलो. माझ्या ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "तुला बिनइस्त्रीचं परवडतं." त्याच्या घरात शिकणारी ती दुसरीच पिढी. त्याचे वडील कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पडत नसत, कारण शर्ट जरा चुरगळला की समोरच्याचा आवाज बदलायचा. तो बरोबर बोलत होता. मी रोज चुरगळलेला टीशर्ट घालून खराडीला जातो आणि लोकांना वाटतं हा हुशार असणार. आमच्या इमारतीच्या वॉचमननं तसाच शर्ट घातला तर त्याच्या पगारातून कापतात. ज्यांना कपड्यांवरून हाकललं गेलं त्यांच्यासाठी इस्त्री ही ढाल होती, आणि ती टाकून द्या म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण मी शर्ट घालणाऱ्याला काही म्हणतच नाहीये. मी तपासणाऱ्याशी बोलतोय. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढं भाषण केलं, त्यात कपडे फाटके असले तरी चालतील, स्वच्छ असू द्या, अशा अर्थाचं सांगितलं होतं. स्वच्छ. ते प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. आणि ढाल लागते ती कुणीतरी मारतो म्हणून. निदान शाळेनं तरी मारू नये.

मोठ्यांसाठी मात्र आपल्याकडे सवलत निघाली आहे. मे २०२४ मध्ये सीएसआयआर या सरकारी विज्ञान संस्थेनं आपल्या प्रयोगशाळांमधल्या लोकांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं. मोहिमेचं नाव 'रिंकल्स अच्छे हैं'. एका जोडीच्या इस्त्रीला सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, असा त्यांचा हिशोब. बातम्यांत कौतुक झालं. शास्त्रज्ञ चुरगळून आला तर पृथ्वी वाचते, आणि पहिलीतलं पोर चुरगळून आलं तर वर्गाबाहेर.

हे सगळं मी रविवारी आईला फोनवर ऐकवलं. मला वाटलं खूश होईल. ती ऐकून घेते, मध्ये बोलत नाही. शेवटी म्हणाली, "तुझं खरं असेल बाबा. पण दिवसभर केलेलं काहीच दिसत नाही. भाकरी खाऊन संपते, फरशी पुन्हा घाण होते. तू कडक शर्ट घालून कोपऱ्यापर्यंत जायचास तेवढं दिसायचं. मी दारातनं बघायची." मी म्हटलं, मनगट भाजलं होतंस त्याचं काय? "ते होय, ते तर होतंच," म्हणाली, आणि विषय पावसाकडं गेला. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ताईकडे दिसणारी बरीच कामं आहेत, तिला एका बँकेत त्यांचा पगार मिळतो, आणि तिला दारात उभं राहून बघायला वेळही नाही.

टेरीकॉटचे तीन शर्ट घेतले. शाळेला पत्र दिलं : शर्ट रोज धुतलेला असेल, इस्त्री केलेला नसेल, आणि नवव्या सूचनेतले 'व इस्त्री केलेला' हे शब्द सगळ्यांसाठीच काढावेत ही विनंती. ताईनं सही केली. मी दाजींचीही सही घेतली, आणि त्यांना सांगून ठेवलं की शाळेनं नाही म्हटलं तर इस्त्री तुमच्याकडं. उत्तर अजून आलेलं नाही. परवा गेलो तेव्हा दाजी मोबाइलवर कॉलरला इस्त्री कशी करतात त्याचा व्हिडिओ बघत होते. मला बघून त्यांनी तो पटकन बंद केला.